दुवा सैल करण्याचं काम

शिकणं म्हणजे मेंदूतले दुवे घट्ट होणं आणि विसरणं म्हणजे ते गंजून जाणं, ही कल्पना आता इतकी रुळली आहे की तिच्याकडे कुणी वळून पाहत नाही. तिचा पहिला अर्धा भाग बराचसा खरा आहे. दुसऱ्या अर्ध्याशी मात्र मला या प्रकरणात वाद घालायचा आहे. दोन चेतापेशींमधला दुवा, म्हणजे सिनॅप्स, वापराविना पडून राहिला म्हणून हळूहळू निकामी होतो, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात दुवा दीर्घकाळ सैल होण्याच्या ज्या प्रक्रिया प्रयोगशाळांनी बारकाईनं तपासल्या, त्यांना जवळजवळ नेहमी पेशींची सक्रियता लागते. पेशींनी विजेचे स्पंद सोडावे लागतात, कधी संथ लयीत, तर कधी सरीवर सर यावी तसे लागोपाठ. पेशीच्या आत कॅल्शियम वाढावं लागतं, एन्झाइमं कामाला लागावी लागतात आणि दुव्याच्या पडद्यावर बसलेली प्रथिनं उचलून आत न्यावी लागतात. जी गोष्ट घडायला इतकी यंत्रणा राबावी लागते तिला गंज म्हणता येणार नाही. दुवा सैल करणं हे मेंदूचं काम आहे, घट्ट करण्याइतकंच नेमकं आणि तितकंच गरजेचं. हालचालींचं कौशल्य मिळवण्यात तर या कामाचा वाटा फार मोठा आहे, असं माझं म्हणणं आहे. ते पुराव्यावर कितपत टिकतं ते पाहू.

संशोधनाचा ओघ आधी घट्ट होण्याकडेच गेला, याला कारण आहे. चार्ल्स शेरिंग्टन यांनी १८९७ साली सिनॅप्स हे नाव रूढ केलं तेव्हा असा दुवा कुणी पाहिलेलाही नव्हता. १९४९ साली कॅनडातले मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी सुचवलं की एक पेशी दुसरीला उद्दीपित करण्यात वारंवार भाग घेत राहिली तर त्यांच्यातला दुवा अधिक परिणामकारक होतो. पुढे १९७३ साली टिमोथी ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी ऑस्लोत केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. भूल दिलेल्या सशाच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागातल्या चेतातंतूंना त्यांनी काही सेकंद जलद विद्युत्स्पंद दिले, आणि त्या वाटेवरचे दुवे कित्येक तास बळकट राहिले. हेब यांच्या अंदाजाला शरीरातला पुरावा मिळाला. या घटनेला पुढे दीर्घकालीन बळकटी म्हटलं गेलं, इंग्रजी आद्याक्षरांनी एलटीपी. पण या शोधानं एक अडचणही समोर आणली. दुवे जर केवळ घट्टच होत गेले तर काही काळानं सगळेच पूर्ण घट्ट होतील. मग कुठला दुवा महत्त्वाचा आणि कुठला नाही हा फरकच उरणार नाही, आणि नव्यानं काही नोंदवायला जागाही राहणार नाही. दुवा सैल करण्याची काही सोय मेंदूत असलीच पाहिजे, हे गणितानं विचार करणाऱ्यांना प्रयोगांच्या आधीच उमगलं होतं. ती सोय वापराविना आपोआप सैल होण्याची आहे, की त्यासाठी वेगळी यंत्रणा आहे, एवढाच प्रश्न होता.

या प्रश्नाचं सर्वांत स्वच्छ उत्तर लहान मेंदूतून, म्हणजे अनुमस्तिष्कातून आलं. आकारानं लहान असला तरी माणसाच्या मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी जवळपास ६९ अब्ज इथेच असतात. त्यांतल्या बहुतेक सगळ्या अगदी इवल्या कणपेशी. त्यांचे तंतू समांतर धावतात आणि पुर्किंजे पेशींच्या पसरट फांद्यांमधून आरपार जातात. एका पुर्किंजे पेशीला असे एक ते दोन लाख समांतर तंतू येऊन भेटतात आणि त्यांतला प्रत्येक जण बारीकशी खबर देतो. शरीर कुठे आहे, काय ऐकू येतं आहे, हात कुठल्या दिशेला निघाला आहे. त्याशिवाय प्रत्येक प्रौढ पुर्किंजे पेशीला एक, आणि सहसा एकच, वेगळा तंतू येतो. मेंदूच्या देठातल्या इन्फिरिअर ऑलिव्ह नावाच्या गाठीतून निघून तो वेलीसारखा तिच्या फांद्यांवर चढतो, म्हणून तो आरोही तंतू. समांतर तंतूंचा आवाज कुजबुजीचा, तर आरोही तंतूचा घंटेचा. तो सेकंदाला साधारण एकदाच बोलतो, पण बोलला की पुर्किंजे पेशीत एक मोठा स्पंद आणि त्यामागे लहान स्पंदांची सर उठतेच उठते. लाखो साध्या खबरी एकीकडे आणि एकच बिनतोड संदेश दुसरीकडे, ही रचना पाहून केंब्रिजमधल्या तरुण डेव्हिड मार यांनी १९६९ साली मांडलं की आरोही तंतू हा शिक्षक आहे. त्याच्या हाकेच्या वेळी जे समांतर तंतू बोलत असतील त्यांचे दुवे बळकट होत असावेत. दोन वर्षांनी अमेरिकेत नासामध्ये काम करणाऱ्या जेम्स अल्बस या अभियंत्यानं जवळपास तोच सिद्धांत मांडला, पण दिशा उलटी ठेवली. आरोही तंतू चूक झाल्याची खबर देत असेल, तर चुकीच्या वेळी जे दुवे चालू होते ते सैल व्हायला हवेत, असं त्याचं म्हणणं. मार हे मेंदूच्या सिद्धांतातलं फार मोठं नाव, आणि ते योग्यच आहे. पण या एका मुद्द्यावर अभियंत्याची नजर अधिक अचूक ठरली.

आता शंका येईल की सैल करून काही शिकता कसं येईल? दुवा ढिला झाला तर हालचालही ढिलीच व्हायची. इथे पुर्किंजे पेशीचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. तोक्योतले मासाओ इतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात दाखवून दिलं की पुर्किंजे पेशी पुढच्या पेशींना उत्तेजन देत नाही, त्यांना आवरते. तिच्या पलीकडे लहान मेंदूच्या खोल भागात असलेल्या पेशी हालचालीचा आदेश पुढे पाठवायला सदैव तयार असतात, आणि पुर्किंजे पेशी त्यांना सेकंदाला पन्नासेक स्पंदांनी धरून ठेवते. गाडीवानाच्या हातातल्या ताणलेल्या कासऱ्यानं बैल थांबलेला असावा आणि कासरा सैल होताच त्यानं पाऊल टाकावं, तसं इथे घडतं. समांतर तंतूंचे निवडक दुवे सैल झाले की ते तंतू बोलतील त्या क्षणी पुर्किंजे पेशी मंदावते आणि खालचा आदेश मोकळा सुटतो. सशाला एक सूर ऐकवून पाठोपाठ डोळ्यावर हवेची झुळूक सोडत राहिलं, तर पुरेशा सरावानंतर झुळूक येण्याच्या आधीच तो पापणी मिटू लागतो. अशा शिकलेल्या प्राण्यांमध्ये पुर्किंजे पेशी सुराच्या वेळी, पापणी मिटायच्या नेमक्या बेताला गप्प होताना नोंदवल्या गेल्या आहेत. ती गप्प होण्याची अचूक वेळ केवळ दुवे सैल होण्यातून उलगडते की पेशीच्या आतही काही घड्याळ आहे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण शिकण्याची खूण म्हणून पेशीची बडबड कमी होते, याबद्दल वाद नाही.

अल्बसचं म्हणणं प्रयोगात उतरायला मात्र ११ वर्षं लागली. १९८२ साली इतो, साकुराई आणि तोंगरोच यांनी सशाच्या तोलाच्या चेतेला सेकंदाला २० आणि ऑलिव्हच्या गाठीला सेकंदाला ४ अशा गतीनं, दोन्ही एकाच वेळी, २५ सेकंद उत्तेजित केलं. त्यानंतर त्या चेतेकडून येणाऱ्या खबरीला पुर्किंजे पेशीचा प्रतिसाद घटला आणि तासभर घटलेलाच राहिला. एकट्या चेतेला किंवा एकट्या ऑलिव्हला उत्तेजित करून असं होत नव्हतं, आणि ज्या चेतेला जोडीत घेतलंच नव्हतं तिचे दुवे जसेच्या तसे होते. या घटनेला दीर्घकालीन क्षीणन, एलटीडी, असं नाव मिळालं. पेशी थकली असती तर तिचे सगळेच प्रतिसाद उतरले असते. इथे त्याच पेशीवरचा एक गट सैल झाला आणि शेजारचा गट शाबूत राहिला. निवड हेच ज्या प्रक्रियेचं लक्षण आहे तिला थकवा म्हणणं मला पटत नाही.

ही निवड कशी होते, हा या सगळ्या कथेतला सर्वांत देखणा भाग आहे. समांतर तंतूच्या टोकातून ग्लुटामेट नावाचं रसायन बाहेर पडतं. दुव्याच्या मधोमध बसलेली अँपा रिसेप्टर नावाची प्रथिनं ते लगेच ओळखतात आणि पेशीत वीज शिरते, हा रोजचा व्यवहार. पण दुव्याच्या कडेला आणखी एका जातीचे रिसेप्टर असतात, एमग्लुआर-१ या नावाचे. एकट्यादुकट्या स्पंदानं सुटलेलं ग्लुटामेट कडेपर्यंत पुरेसं पोचत नाही. तंतूनं स्पंदांची सर सोडली, पाच-सहा स्पंद झपाट्यानं एकामागोमाग आले, तरच ते कडेला साचतं आणि एमग्लुआर-१ जागे होतात. त्यांच्यामुळे पेशीच्या आत दोन संदेशवाहक रेणू तयार होतात. त्यांतला एक पेशीच्या आतल्या कोठारातलं कॅल्शियम सोडायची तयारी करतो. एवढ्यात आरोही तंतूची सर आली, तर बाहेरूनही कॅल्शियम आत घुसतं. दोन्ही वाटा मिळून त्या एवढ्याशा टोकात कॅल्शियमची जी उसळी येते ती दोघांच्या बेरजेपेक्षा मोठी असते. पेशीत कॅल्शियम शोषून घेणारं रसायन आधीच भरून ठेवलं तर क्षीणन होतच नाही, हे साकुराई यांनी १९९० साली दाखवलं. पुढचं काम प्रोटीन कायनेज सी या एन्झाइमचं. ते अँपा रिसेप्टरच्या ग्लुए-२ या घटकावर, ८८०व्या जागेवरच्या सेरीन या अमिनो आम्लावर, फॉस्फेटचा तुकडा चिकटवतं. त्यामुळे रिसेप्टरला जागेवर धरून ठेवणाऱ्या प्रथिनाची पकड सुटते, दुसरं प्रथिन त्याला धरतं, पडद्याचा तेवढा भाग आत वळतो आणि रिसेप्टर पेशीच्या पोटात ओढला जातो. दुवा तुटत नाही. समोरची बाजू पूर्वीइतकंच ग्लुटामेट सोडत राहते, पण ऐकणारे कान कमी झालेले असतात. काही सेकंदांची घटना तासांपर्यंत टिकते, कारण यातली एन्झाइमं काही काळ एकमेकांना चालू ठेवणारं चक्र तयार करतात. त्याहूनही पुढे परिणाम टिकायचा तर पेशीला नवी प्रथिनं बनवावी लागतात.

या यंत्रणेला वेळेचंही भान आहे. समांतर तंतू आधी आणि आरोही तंतू जरा नंतर, असा क्रम असेल तर परिणाम चांगला होतो. चुकीची खबर ही चुकीनंतरच येणार, त्यामुळे हा क्रम साजेसाच म्हणायचा. किती नंतर, याचं उत्तर मात्र थक्क करणारं आहे. डोळ्यांच्या हालचाली सुधारणाऱ्या लहान मेंदूच्या फ्लॉक्युलस या भागात चूक घडल्यापासून तिची खबर पोचायला सुमारे १२० मिलिसेकंद लागतात. स्टॅनफर्डमधल्या जेनिफर रेमंड यांच्या गटानं २०१६ साली दाखवलं की त्या भागातल्या दुव्यांचं क्षीणन याच अंतराला सर्वांत चांगलं होतं, जणू प्रत्येक दुव्याला आपल्या शिक्षकाच्या उशिराची कल्पना आहे. सरीच्या लांबीलाही अर्थ असतो. यान यांग आणि स्टीफन लिसबर्गर यांना २०१४ साली माकडांमध्ये आढळलं की आरोही तंतूमुळे पुर्किंजे पेशीत उठणारी सर जितकी लांब, तितका त्या एकाच प्रसंगानंतर पेशीतला बदल मोठा आणि डोळ्याच्या हालचालीतली सुधारणाही मोठी. एकटा स्पंद फक्त हो किंवा नाही एवढंच सांगू शकतो. सर मात्र किती हेही सांगते. चूक थोडी होती की फार, हे कळल्याशिवाय चांगलं शिकवता येत नाही, आणि म्हणूनच सरींना इतकं महत्त्व आहे असं मला वाटतं.

यावर पहिला आक्षेप असा येतो की विजेचे धक्के देऊन दुवा कमजोर केला तर तो इजा झाल्यामुळेच कमजोर झाला नसेल कशावरून? आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तर हिप्पोकॅम्पसमधल्या प्रयोगांनी दिलं. ब्राउन विद्यापीठात सेरेना ड्युडेक आणि मार्क बेअर यांनी १९९२ साली उंदराच्या हिप्पोकॅम्पसच्या कापांवर प्रत्येक वेळी नेमके ९०० स्पंद दिले. बदलली ती फक्त लय. सेकंदाला १ ते ३ स्पंदांच्या लयीत दुवे दीर्घकाळ सैल झाले, सेकंदाला १०च्या लयीत फारसा फरक पडला नाही, आणि ५०च्या लयीत ते उलट बळकट झाले. इजाच होत असती तर जोरकस उत्तेजनानं ती जास्त व्हायला हवी होती. शिवाय सैल झालेले दुवे जलद स्पंदांनी पुन्हा घट्ट करता येतात, जखमी पेशीकडून अशी अपेक्षा करता येत नाही. याहून मोठा पुरावा २०१४ साली कॅलिफोर्निया विद्यापीठात, सॅन डिएगोमध्ये, सादेग नबावी आणि रॉबर्टो मॅलिनो यांच्या गटानं दिला. त्यांनी उंदरांच्या मेंदूतल्या श्रवणाकडून अमिग्डलाकडे, म्हणजे भीतीच्या केंद्राकडे, जाणाऱ्या तंतूंना प्रकाशानं चालू करता येईल अशी जनुकीय सोय केली आणि त्या प्रकाशाच्या जोडीनं पायाला विजेचा झटका दिला. उंदीर प्रकाशालाच भिऊ लागले. मग त्याच तंतूंना क्षीणन घडवणारे संथ, सेकंदाला एक असे ९०० प्रकाशस्पंद दिल्यावर भीती नाहीशी झाली. जलद स्पंद देऊन दुवे बळकट केल्यावर, नवा झटका न देता, ती परत आली. आठवण पुसली गेली नव्हती, तिच्यापर्यंत जाणारा दुवा सैल केला होता आणि तो पुन्हा ताणता येत होता.

या निकालांत एक वरवरचा विरोध दिसतो. लहान मेंदूत सरी दुवा सैल करतात आणि हिप्पोकॅम्पसमध्ये संथ लय, जलद लय मात्र तिथे दुवा घट्ट करते. एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत का? काही अंशी होय, आणि ते मान्य करायला हरकत नाही. पण दोन्हींच्या तळाशी एकच कारभारी आहे, कॅल्शियम. हिप्पोकॅम्पसमध्ये कॅल्शियमची थोडी पण लांबलेली वाढ फॉस्फेटचे तुकडे काढून टाकणारी एन्झाइमं जागवते आणि दुवा सैल होतो, तर मोठी उसळी फॉस्फेट जोडणारी एन्झाइमं जागवून दुवा बळकट करते. पुर्किंजे पेशीत हाच नियम उलटा बसवलेला आहे. तिथे मोठी उसळी सैल करते आणि लहान वाढ घट्ट करते. आवरणाऱ्या पेशीला उलटा नियम सोयीचा, हे कासऱ्याच्या उदाहरणावरून वाचकाच्या लक्षात येईलच. शरीराच्या हालचाली निवडणाऱ्या स्ट्रायटम या भागात तर जलद सरींनंतर ऐकणारी पेशीच भांगेतल्या द्रव्यांसारखे रेणू उलट दिशेनं सोडते आणि बोलणाऱ्या टोकाला हळू बोलायला लावते. इतकंच काय, जिथे रसायन नसतंच, दोन पेशी सूक्ष्म नळ्यांनी थेट जोडलेल्या असतात, त्या विद्युत दुव्यांमध्येही हे घडतं. ज्युली हास आणि कॅरोल लँडिसमन यांच्या गटानं २०११ साली मेंदूतल्या थॅलॅमस या केंद्राभोवतीच्या पेशींच्या जोड्यांमध्ये दाखवलं की दोघींनी मिळून स्पंदांच्या सरी सोडल्या की त्यांच्यातला विद्युत दुवा दीर्घकाळ क्षीण होतो. मार्ग इतके निरनिराळे, पण काम एकच. उत्क्रांतीनं एवढ्या ठिकाणी, एवढ्या वाटांनी तेच साधलं असेल, तर त्याला अपघात म्हणायचं धाडस मी करणार नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र पुढचा आहे. प्रयोगात लहान मेंदूतला दुवा सैल करता येतो हे मान्य, पण जिवंत प्राणी खरोखर असाच शिकतो याचा पुरावा काय? रॉटरडॅममधले क्रिस डी झेउ आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली पुर्किंजे पेशींपुरतं प्रोटीन कायनेज सी रोखलेले उंदीर तपासले. त्यांचं क्षीणन बंद झालं होतं. एरवी ते ठीक चालत होते, पण डोकं वळताना नजर स्थिर ठेवण्याची प्रतिक्षिप्त क्रिया नव्या परिस्थितीशी जुळवून घेणं त्यांना जमेना. माणसाला वेगळ्या नंबरचा चष्मा लागला की पहिले काही दिवस जमीन हलल्यासारखी वाटते आणि मग सारं जागेवर येतं, ते याच जुळवणुकीमुळे. पुरावा भक्कम वाटला. पण २०११ साली त्याच रॉटरडॅमच्या प्रयोगशाळेतून उलटा निकाल आला. अँपा रिसेप्टर आत ओढला जाण्याच्या टप्प्यावरच बिघाड केलेल्या तीन प्रकारच्या उंदरांमध्ये क्षीणन दिसलं नाही, तरी ते हालचाली नीट शिकले. अल्बस आणि इतो यांच्या सिद्धांताला बसलेला हा सर्वांत मोठा धक्का. विज्ञानाला अशा माणसांची गरज असते जी आपणच उभारलेल्या पुराव्यावर घाव घालतात, म्हणून हा निकाल मला त्या प्रयोगशाळेचं भूषण वाटतो. त्यानंतरची घडामोड मात्र सिद्धांताच्या बाजूनं झुकते. अशा बदललेल्या उंदरांच्या मेंदूच्या कापांत इतो आणि सहकाऱ्यांनी उत्तेजनाची पद्धत बदलून पाहिली तेव्हा क्षीणन घडलं, हे २०१६ साली प्रसिद्ध झालं. एक वाट बंद असताना पेशीनं दुसरी शोधली होती. मग २०१८ साली केओ विद्यापीठातल्या मिचिसुके युझाकी यांच्या गटानं प्रकाशाच्या साहाय्यानं, शिकण्याच्या वेळेपुरतंच, पुर्किंजे पेशींमध्ये रिसेप्टर आत ओढले जाणं थांबवलं. पेशीला पर्यायी वाट काढायला अवधी मिळाला नाही, आणि उंदरांचं डोळ्यांच्या हालचाली शिकणंही खुंटलं.

यावरून लहान मेंदूचं सगळं शिकणं क्षीणनातूनच होतं असं कुणी म्हटलं तर ते चूक ठरेल. तिथे दुवे घट्टही होतात, आवरणाऱ्या इतर पेशींचे दुवेही बदलतात, खोल भागातल्या पेशीही शिकतात. ही साधनं एकमेकांची उणीव भरून काढतात, आणि २०११च्या निकालाचा बराचसा अर्थ मला यातच दिसतो. पण दुवा सैल होणं या साधनांतलं एक मुख्य साधन आहे, हा निष्कर्ष आता मागे घेण्याची गरज नाही. या साधनाचा अतिरेकही होऊ शकतो. फ्रॅजाइल एक्स या आनुवंशिक विकारात, ज्यातून बौद्धिक अक्षमता येते, तसा जनुकीय दोष असलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये एमग्लुआरवर अवलंबून असलेलं क्षीणन वाजवीपेक्षा जास्त होतं, हे २००२ साली किंबर्ली ह्युबर आणि मार्क बेअर यांच्या गटाला आढळलं. त्यावरून बनवलेली औषधं उंदरांमध्ये उपयोगी ठरली, पण माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांत त्यांना यश आलं नाही.

गंज की काम, या मूळ प्रश्नाला थेट भिडणारा पुरावा डोळ्याचा आहे. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टेन विझेल यांनी १९६३ साली दाखवलं की मांजराच्या पिल्लाचा एक डोळा वाढीच्या नाजूक काळात शिवून बंद ठेवला तर मेंदूतल्या दृष्टीच्या पेशी त्या डोळ्याला प्रतिसाद देणं सोडतात, डोळा स्वतः निरोगी असला तरीही. अनेकांनी याचा अर्थ वापर बंद, म्हणून दुवा बंद, असा लावला. १९९९ साली सिंथिया रिटनहाउस, मार्क बेअर आणि सहकाऱ्यांनी हा अर्थ तपासायला दोन गटांची तुलना केली. एका गटात पापणी शिवलेली, म्हणजे दृष्टिपटल धूसर उजेडात अस्पष्ट, विस्कळीत स्पंद पाठवतच होतं. दुसऱ्या गटात विषाच्या इंजेक्शननं दृष्टिपटलाचे स्पंद पूर्ण थांबवलेले. वापराअभावी गंज चढत असेल तर दुसऱ्या गटाचं नुकसान जास्त व्हायला हवं. झालं उलट. ज्या डोळ्याकडून अर्थहीन कुजबुज येत राहिली, त्याचेच दुवे अधिक सैल झाले. पूर्ण शांततेपेक्षा धूसर गोंगाट दुव्याला जास्त महाग पडला. याच तर्कानं पुढे जाऊन बेअर आणि केव्हिन डफी यांच्या गटांनी २०२१ साली मांजरांत आणि उंदरांत चांगल्या डोळ्याचं दृष्टिपटल काही काळ पूर्ण शांत केलं, आणि नाजूक काळ उलटून गेल्यावरही कमजोर डोळ्याचं बळ परत आलं. माणसांसाठी हा उपचार अजून रूढ झालेला नाही.

लहान मुलांमध्ये ज्याला आळशी डोळा म्हणतात, तो या प्रक्रियेच्या फार जवळचा आहे. जन्मतः मोतीबिंदू, तिरळेपणा किंवा दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक असेल, तर एका डोळ्याकडून मेंदूला धूसर किंवा न जुळणारं चित्र जात राहतं आणि मेंदू त्या डोळ्याचे दुवे रोज थोडे थोडे सैल करत राहतो. तो डोळा आळशी नसतो आणि मेंदूही स्वस्थ बसलेला नसतो. दुसऱ्या डोळ्यानं सगळं दिसत असल्यानं मूल तक्रारही करत नाही. चष्मा, आणि डॉक्टरांनी सांगितल्यास चांगल्या डोळ्यावर पट्टी, हे उपचार जितक्या लवकर सुरू होतील तितके जास्त लागू पडतात. पट्टी मनानं मात्र लावू नये. ती जास्त वेळ राहिली तर तीच प्रक्रिया चांगल्या डोळ्यावरही उलटू शकते. म्हणून आईवडिलांना एवढंच सांगणं आहे. मूल शाळेत जायच्या आधी त्याचे दोन्ही डोळे नेत्रतज्ज्ञांकडून एकदा वेगवेगळे तपासून घ्या.